थुंकीतले शूरवीर

नंदुरबार जिल्ह्यातल्या तमाम स्त्री-पुरुषांस, तसेच पानटपरीसमोर उभे राहून रस्ता रंगवणाऱ्या सर्व कलावंतांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आजवर आपण जी वस्तू तोंडातून फुकट टाकत आलो, ती थुंकी नव्हे. तो 'नमुना' आहे. तो बर्फात ठेवायचा असतो. त्यावर नंबर चिकटवायचा असतो. आणि त्याच्या चार थेंबांवरून माणूस शूर की भेकड हे ठरवणारा एक महापुरुष आमच्या गावात होऊन गेला. म्हणजे अजून आहे. तब्येत ठणठणीत आहे, म्हणूनच नावं बदलून लिहिते आहे.

मी रक्त काढते. अनोळखी लोकांना मी मुद्दाम एवढंच सांगते आणि त्यांचे चेहरे बघते. मग खुलासा करते, की नंदुरबारात एक छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, बाकी राज्य माझं. चिंचपाड्याच्या दवाखान्यात सुई धरायला शिकले, लग्न होऊन नंदुरबारला आले, आणि तेव्हापासून या जिल्ह्याच्या दंडात सुई टोचते आहे. तापीकाठचे बागायतदार, सातपुड्यातले पाडेकरी, मास्तर, तलाठी, सगळे एकदा ना एकदा माझ्यापुढे बाही वर करून बसलेले आहेत. मोठी माणसं मला सुईवाल्या ताई म्हणतात, पोरं मावशी म्हणतात.

या धंद्यात पहिल्या वर्षीच एक गोष्ट कळते. शरीर मालकाचं ऐकत नाही. खापर गावच्या बाजारात उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा एक गडी माझ्याकडे आला होता. मी सुईचं नुसतं टोपण काढलं, आणि गडी खुर्चीसकट आडवा. त्याला उचलायला रिक्षावाले बोलवावे लागले. त्याच आठवड्यात डोंगरातली एक म्हातारी आली, काठीएवढा हात. ती आपलं रक्त नळीत चढताना असं बघत होती, जसं दुसऱ्याच्या शेतातलं पाणी बघावं. मी सुई काढली तर म्हणाली, "एवढंच? आले हाय तर घे अजून." एका शिक्षकांनी लघवीचा नमुना थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत आणला होता, काठोकाठ. म्हणाले, "कमी पडायला नको." तेव्हा कोणाचं शरीर कशाला भिईल आणि कशाला भरभरून प्रतिसाद देईल, यावर पैज लावायची नाही, हा माझा नियम. तो मी स्वतःच मोडला, त्याची ही गोष्ट.

तर एका हिवाळ्यात मोठ्या शहरातून एक तरुण प्राध्यापक माझ्याकडे आले. त्यांच्या संशोधनाचा विषय असा, की व्यायाम केल्यावर शरीरातला ताणाचा हार्मोन कोणात किती वाढतो, आणि सारखंच पळूनही माणसामाणसांत एवढा फरक का पडतो. त्यासाठी त्यांना पळणारी माणसं हवी होती आणि त्यांची थुंकी गोळा करणारं कोणीतरी. रक्त नको, थुंकीच. थुंकीत हा हार्मोन उतरतो आणि सुई टोचायला लागत नाही. सुई टोचली की तिच्याच धसक्याने हार्मोन वाढतो, म्हणजे मोजायला जावं आणि मोजणाऱ्यानेच वाढवावं.

"पळणारे कुठे मिळतील?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. नंदुरबारात पळणारे कुठे मिळतील! आमच्याकडे पहाटे रस्त्यावर जो चालतो तो म्हातारा, जो पळतो तो भरतीचा. पोलीस भरती, वनरक्षक भरती, सैन्य भरती. मी त्यांना थेट हिरामण सरांच्या दारात नेऊन उभं केलं.

हिरामण सर म्हणजे 'वज्रछाती भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रा'चे संस्थापक, संचालक, मुख्य प्रशिक्षक आणि शिट्टीवादक. लष्करी ठिपक्यांची पँट, गळ्यात शिट्टी, मनगटावर दोन घड्याळं. सर स्वतः सैन्यात जाता जाता राहिले. का राहिले याच्या तीन कथा आहेत, तिन्ही मी ऐकल्या आहेत, आणि तिन्हींत दोष दुसऱ्याचा आहे. पण खोटं कशाला बोलू, सरांच्या हाताखालून पोरं नोकरीला लागतात. पहाटे पाचला मैदानावर उभा राहणारा माणूस आहे. गावातल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याने, त्यांना सगळे शेटजीच म्हणतात, गरीब पोरापोरींसाठी सरांच्या वसतिगृहात आठ जागा फुकट ठेवल्या होत्या. राहणं, दोन वेळचं जेवण, शिकवणी. कोणाला द्यायच्या, ते सर ठरवणार.

सरांनी प्राध्यापकांचं सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन आपल्या अहिराणीत विचारलं, "ताई, हाऊ हार्मोन म्हंजे नेमकं काय शे?"

आता हा हार्मोन काय आहे ते तुम्हाला सांगते. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात. त्या कॉर्टिसोल नावाचा रस सोडतात. मोठ्या कुटुंबात कोठीघराची किल्ली जिच्या कमरेला असते ना, ती बाई म्हणजे हा कॉर्टिसोल. सकाळी घर उठवायला ती आपसूक जरा जास्त खुडबुड करते. एरवी शांत. पण माणूस जोरात पळायला लागला की घरात पन्नास पाहुणे एकदम आल्यासारखं होतं. स्नायू ताटं वाजवतात, साखर आणा, तूप आणा. मग ही बाई कोठी उघडते आणि साठवणीतलं काढून देते. आता घराघरातली बाई वेगळी. एखादीला वेशीवर नुसती धूळ दिसली तरी ती कोठीचं दार सताड उघडून मोकळी होते. दुसरी पाहुणे पाटावर बसले तरी म्हणते, थांबा, बघते. पाहुणे दोन्हीकडे जेवून जातात. पहिली भित्री आणि दुसरी शूर, असं कोणी म्हणत नाही.

किती छान सांगितलं मी! त्या दिवशी असंच सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण त्या दिवशी लॅबमध्ये गर्दी होती, मला परत जायचं होतं, आणि सोपं करून सांगण्याचा मला मोठा गर्व. मी म्हणाले, "सर, घाबरल्यावर वाढतो तो."

सरांचे डोळे चमकले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिली चाचणी मिरचीच्या दिवसांत झाली. मैदानाला लागून मिरच्यांच्या पथाऱ्या आहेत, एकरभर जमिनीवर लाल मिरची वाळत पडलेली. हिवाळ्यात आमच्या हवेला फोडणी दिलेली असते. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पण प्राध्यापक गाडीतून उतरले, त्यांनी मैदानाचा एक दीर्घ श्वास घेतला, आणि पुढचा दीड तास ते काचा लावून गाडीत शिंकत बसले. पेटी, बर्फ, नळ्या आणि सूचनांचा कागद असं सगळं माझ्या हाती. कागद इंग्रजीत होता, चार पानी. मी तो वाचला होता. म्हणजे पहिलं पान.

रीत साधी. पळण्याआधी एक नमुना. मग मैदानाला चार फेऱ्या, जीव तोडून. मग वीस मिनिटं बसून दुसरा नमुना. पळण्याआधी सगळ्यांनी उत्साहाने थुंकून दाखवलं, काहींनी नेम धरून. पण पळून झाल्यावर तोंडं कोरडी ठक्क. वीसेक जण नळ्या ओठाला लावून ध्यानस्थ बसलेले, जसा काही मोठा यज्ञ चालला आहे.

जमना पावरा माझ्यापुढे आली. ही धडगावच्या वरच्या पाड्यावरची मुलगी, सरांकडे वर्षभर होती, शेटजींच्या आठ जागांपैकी एक तिची. बोलायची कमी. पळायची अशी, की चुलीवर दूध उतू चाललंय आणि ते हिलाच दिसलंय. मुलींत पहिली, मुलांत घातली तर सहावी-सातवी.

"मावशी, थुका नाय येत," ती म्हणाली.

तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ होती. गाठीत आमचुराच्या फोडी. डोंगरात उन्हाळाभर घराघरावर कैऱ्या चिरून वाळत घालतात. चढावर चालताना त्यातली एक फोड गालात धरली की तोंड सुकत नाही, ही तिथली जुनी युक्ती. तिने गाठ सोडली आणि माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं.

मी म्हणाले, "ठेव गालात. सरसर येईल."

आली की! नळी अर्ध्या मिनिटात भरली. तिच्या दोन मैत्रिणी, मोगी आणि रेवली, त्याही डोंगरातल्याच, मागे खोळंबल्या होत्या. तिने त्यांनाही एकेक फोड दिली. तीन नळ्या भरल्या आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले, की प्राध्यापकांच्या गाडीच्या काचेवर टकटक करून सांगितलं, "झालं सर, सगळं व्यवस्थित."

दहा-बारा दिवसांनी आकडे आले. नियम असा होता, की आकड्यांपुढे फक्त नंबर असणार, आणि कोणता नंबर कोणाचा ही यादी माझ्या खणात बंद राहणार, कोणालाही दाखवायची नाही. हे वाक्य पहिल्याच पानावर होतं, म्हणजे मी वाचलेलंही होतं. त्याच संध्याकाळी सर चहाला आले.

"ताई, नुसतं दखू द्या. मी कोनले सांगस का?"

आता मला नाटक आवडतं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक नंबराचं नाव उघड करायचं, यापरतं नाटक ते कोणतं? मी खण उघडला.

सगळ्यात कमी वाढ, खरं तर वाढच नाही, सरांच्या सख्ख्या भाच्याची. भाचा चौथी फेरी पाण्याच्या टाकीमागे बसून काढतो हे अख्ख्या मैदानाला माहीत होतं, एक सर सोडून. धानोऱ्याचे दोघे जुळे भाऊ खांद्याला खांदा लावून पळाले होते, सेकंदाचाही फरक नाही, तर एकाचा आकडा चढलेला, दुसऱ्याचा होता तिथेच. आणि सगळ्यांत वर, बाकीच्यांच्या कितीतरी वर, तीन नावं. जमना, मोगी, रेवली.

"तिन्हीबी डोंगरन्या," सर हळूच म्हणाले. "मी म्हनतच व्हतो. पळतीस हरणीगत, पन काळीज उंदीरनं शे."

"तसं नसतं हो सर," मी म्हणाले. पण कसं असतं ते सांगितलं नाही. चहा गार होत होता.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या फळ्यावर दोन याद्या लागल्या. एकीचं शीर्षक 'निधड्या छातीचे', पहिलं नाव भाच्याचं. दुसरीचं शीर्षक 'काळीज कमकुवत', खाली तीन नावं आणि सूचना: येत्या सोमवारपासून यांच्या फुकट जागा रद्द, त्या जागी पहिल्या यादीतले घेण्यात येतील. पोलिसात भित्र्यांचं काम नाही. खाली सरांची सही आणि कंसात 'वैज्ञानिक चाचणीनुसार'. विज्ञान म्हणजे मी.

त्या दुपारी जमना लॅबवर आली. हातात कागदाची पुडी.

"मावशी, माझ्यात काय निघालं?"

"काही निघालं नाही गं. आकडा जरा जास्त आला."

"गोळी असली तर द्या. कडू असली तरी चालल."

मी नळ्या आवरण्याचं सोंग केलं. ती म्हणाली, "सोमवारी घरी जायचं म्हणजे घरी नाय. आई-बा उसाला गुजरातला निघतेत. घरी जायचं म्हणजे उसात जायचं. एकदा गेलं की मग पळणं नाय." रडत नव्हती. बसची वेळ सांगावी तसं सांगत होती. जाताना पुडी टेबलावर ठेवली. "आईनं धाडलंय. डाळीत घाला."

पुडीत आमचूर होतं.

दुसऱ्या दिवशी ते मी खरंच डाळीत घातलं. जेवताना दात आंबले, तोंडाला पाणी सुटलं, आणि घास हातातच राहिला. आमच्याकडे लघवी तपासायची एक पट्टी असते. तिच्यावर आंबटपणा दाखवणारा एक छोटा चौकोन असतो, आंबट असलं की नारिंगी होतो, नसलं की हिरवट. उठले, चूळ भरली, थोडं थांबून वाटीत थुंकले, पट्टी बुडवली. हिरवट. मग आमचुराची फोड गालात धरली, पुन्हा थुंकले, पुन्हा पट्टी. जर्द नारिंगी. मिस्टर जेवणाच्या ताटावरून म्हणाले, "आज लॅब घरी आणलीस का?"

मग मी त्या चार पानांतलं तिसरं पान वाचलं. लिहिलेलं होतं. नमुन्याआधी आंबट काही देऊ नये, आकडा खोटा फुगतो.

आता खरी लाजेची गोष्ट. मी लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. लॅबच्या दारावर 'अचूक निदान' अशी पाटी आहे, ती माझ्याच हौसेची. एवढ्या वर्षांचं नाव, आणि चूक कोणती, तर आमचूर. मी सहा दिवस गप्प बसले. सुईला भिणाऱ्या पहिलवानावर मी वर्षानुवर्षं हसत आले, आणि एक फोन लावायला मला सहा दिवस लागले.

सहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी फोन लावला. प्राध्यापक म्हणाले, "माझं वाटोळं केलंत." आणि लगेच, वेगळ्याच आवाजात, "बाय द वे, हे आमचूर किती आंबट असतं? थोडं पाठवाल?" संशोधक माणसाला बुडत्या होडीतही पाण्याची खोली मोजावीशी वाटते.

तिथून सरळ वसतिगृहावर गेले. जमना पेटीवर बसली होती, पेटीला दोरी बांधून झालेली. मोगी शेजारी. रेवली नव्हती. तिने सोमवारची वाट बघितलीच नव्हती. नाव फळ्यावर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे आई-बाप गाडीत बसत होते, तीही बसली. ज्या आकड्यामुळे ती गेली तो तिचा नव्हताच, माझा होता. ती पुढे परत आली नाही. मी निरोप धाडले, एक-दोनदा. त्या निरोपांचं काय झालं ते मला माहीत नाही.

सरांपुढे मी सगळं कबूल केलं. सरांनी डोळे बारीक केले.

"म्हंजे आमचूर खाधं की मानूस भेकड व्हस?"

"नाही सर. मी चुकले. आकडा चुकला. आणि मुख्य म्हणजे तो आकडा भीतीचा नाहीच."

"चुकना तं पुन्हा करा. दूध का दूध, पानी का पानी." सर उभे राहिले, शिट्टी छातीवर आपटली. "आनि यावेळे मीबी पळस! मन्हाबी आकडा काढा. पोऱ्यासले दखू द्या, निधडी छाती कसी ऱ्हास!"

निकाल येईपर्यंत जमना आणि मोगीच्या पेट्या पुन्हा खाटेखाली गेल्या. एवढंच मला मिळवता आलं.

दुसऱ्या चाचणीला मी परीक्षा केंद्रावरच्या पर्यवेक्षिकेसारखी उभी होते. प्रत्येकीच्या ओढणीची गाठ तपासली. चुळा भरून घेतल्या. प्राध्यापक तोंडाला तीन रुमाल बांधून स्वतः हजर. पाण्याच्या टाकीमागे मी माझ्या मिस्टरांना खुर्ची टाकून बसवलं होतं, त्यामुळे सरांच्या भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा चौथी फेरी बघितली, आणि संपल्यावर सकाळचा नाश्ताही बघितला.

सर पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होते. हात हलवत होते. दुसऱ्या फेरीत हात हलवणं बंद झालं. तिसऱ्या फेरीत जमना त्यांच्या बाजूने गेली, तेव्हा त्यांनी असा चेहरा केला की मीच पुढे जाऊ दिलं. चौथ्या फेरीअखेर त्यांच्यात आणि शेजारच्या पथारीवरच्या मालात रंगाचा फरक उरला नव्हता. पण पूर्ण केली. हे मी मान्य करते, पूर्ण केली.

नंबर या वेळी पळण्याआधी रांगेत उभं राहिल्याप्रमाणे दिले होते. सर रांगेत उभे राहणाऱ्यांतले नव्हेत, ते मधेच घुसले होते. नळीवर मी काय चिकटवलं याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ते तेव्हा छाती फुगवत होते. आणि नावांची यादी या वेळी प्राध्यापकांच्या पिशवीत, बंद पाकिटात. ती गोष्ट त्यांनी माझ्याकडे न बघता केली. बरोबर केली.

निकालाच्या दिवशी सरांनी मैदानावर मांडव घातला. शेटजींना खुर्ची, गळ्यात हार. पोरं रांगेने उभी. प्राध्यापकांनी आधी समजावून सांगायचा प्रयत्न केला. सारख्या मेहनतीला प्रत्येक शरीर वेगळं उत्तर देतं, झोप, जेवण, सराव, उपजत घडण, कशाकशाचा हात असतो, एकाच माणसाचंही उत्तर रोज सारखं नसतं. धानोऱ्याच्या जुळ्यांचंच बघा, म्हणाले, गेल्या वेळी एकाचा चढला होता, या वेळी दुसऱ्याचा. चांगलं बोलत होते. पण दर दोन वाक्यांना एक शिंक, आणि पोरं वाक्यं सोडून शिंका मोजायला लागली.

मग सरांनी माईक घेतला. हातात आकड्यांचा कागद.

मी तो आधी बघितला होता. मोगीचा आकडा चारचौघींसारखा, खाली आलेला. आणि जमनाचा? मला वाटलं होतं, आमचूर गेलं की तिचाही खाली येईल, माझी चूक धुऊन निघेल, सगळं गोड होईल. नाही. बराच उतरला होता, तरी पोरापोरींत सगळ्यांत वर तिचाच. तिचं शरीर कोठी सताड उघडणाऱ्यांतलंच. चूक मान्य करून सुटका होत नसते, हे मला त्या मांडवात कळलं. तिच्या आकड्याच्याही वर फक्त एकच आकडा होता. तो कोणाचा ते मला माहीत होतं, कारण नंबर मीच चिकटवले होते. मी तोंड उघडलं नाही. गप्प बसायला मला आयुष्यात कधी इतकी मजा आली नव्हती.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मधे बोलावं लागणार नाही. त्या दिवशी शेटजी खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. फळ्यावरच्या दोन्ही याद्या सरांनी स्वतः पुसल्या, आणि त्यानंतर वज्रछाती केंद्रात विज्ञानाचं नाव कोणी काढलं नाही. जमनाची जागा राहिली. मोगीचीही. पोलीस भरतीत जमनाचे गोळाफेकीत गुण गेले. पुढच्या वर्षी ती वनरक्षक झाली, आणि आता तोरणमाळच्या बाजूला लाकूडचोरांच्या मागे पळते. तिच्या हार्मोनचं तेव्हा काय होतं ते लाकूडचोरांना विचारावं. आठवी जागा, रेवलीची, वर्षभर रिकामी राहिली. मी सरांना ती भरू दिली नाही. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

तर, माईक. सरांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, वरून खाली बोट फिरवलं, आणि एका जागी थांबले. त्यांचा आवाज भरून आला. अशा प्रसंगी ते शुद्ध मराठीत जातात.

"बंधू-भगिनींनो! चाचणी पुन्हा झाली. सगळं स्वच्छ झालं. आणि या मैदानातला सर्वांत भेकड माणूस विज्ञानाने शोधून काढला आहे! इतका मोठा आकडा! मला सांगायला लाज वाटते. नंबर सतरा! नाव मला माहीत नाही, मला जाणूनही घ्यायचं नाही. ज्याच्या काळजात एवढी भीती आहे त्याने माझ्या वसतिगृहाचं मीठ खाऊ नये. सतरा नंबरने आत्ताच्या आत्ता पुढे यावं, आपली पेटी उचलावी आणि चालतं व्हावं!"

कोणी हललं नाही. सरांनी शिट्टी फुंकली. "सतरा! ऐकू येतंय का? पुढे ये! किती भिशील?"

पोरं एकमेकांकडे बघत होती. शेटजी खुर्चीत पुढे सरकले होते. प्राध्यापकांचा हात पिशवीतल्या पाकिटाकडे गेला आणि तिथेच थांबला. आणि मुलींच्या रांगेतून, वर्षभरात जिचा आवाज मैदानावर कोणी धड ऐकला नव्हता, ती जमना, विचार करायच्या आधीच, मोठ्याने बोलून गेली:

"सर, सतरा तुम्हीच. रांगेत मधी घुसले ना, तवा मी तुमच्या मागं उभी होती. मी अठरा."